एका घरातील दोन विस्तव

पार्सल सोडवून घेण्यासाठी मला कोठेही जावे लागले नाही. ते माझ्याच गोदामात येऊन उतरले. सन एकोणीसशे छप्पनचा श्रावण होता आणि मी नागभीड स्थानकावर मालबाबू होतो. दुपारी नागपूरहून छोटी गाडी आली, हमालाने पेंढ्यात बांधलेले एक लाकडी खोके खाली ठेवले आणि त्यावरील नाव वाचून तो हसला. नाव माझेच होते. अठ्ठावीस वर्षे लोकांचा माल लोकांच्या स्वाधीन करीत आलो. त्या दिवशी प्रथमच देणारा आणि घेणारा अशा दोन्ही रकान्यांत मी स्वतःच सही केली.

जे घडले ते मी क्रमाने सांगणार आहे. माझे शालेय शिक्षण चौथीपर्यंतचे, परंतु वाचन बरेच आहे, आणि वाचनाने मला एक शिस्त लावली आहे: जे पाहिले ते एका बाजूस ठेवावे, जे वाटले ते दुसऱ्या बाजूस. अशा हकिकती अमावास्येच्या मध्यरात्री आणि ओसाड जागी घडतात असा पुष्कळांचा समज असतो. ही भर दिवसा घडली, नांदत्या घरात, स्वयंपाकाच्या वेळी. आणि तेव्हा आम्हा सर्वांना सपाटून भूक लागलेली होती.

खोक्यात स्टोव्ह होता. पितळी टाकी, तीन पाय, हवा भरण्याचा पंप आणि बारीक छिद्र साफ करण्याच्या पिना. माझी पत्नी वच्छला हिचे डोळे चुलीच्या धुराने वर्षभर गळत होते. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले होते की धूर सोडा, अन्यथा दृष्टी सोडण्याची तयारी ठेवा. पावसाळ्यात आमच्याकडील लाकूड जळत नाही, नुसते धुमसते. म्हणून मी हे यंत्र मागविले.

स्थानकापासून आमचे गाव दीड कोस. खोके सायकलीला बांधून मी पायी निघालो. धानाची रोवणी आटोपलेली बांधी दोन्ही बाजूंस हिरवीगार उभी होती. बांधावर आमचा शेजारी लटारू भेटला. त्यास ऐकू थोडे कमी येते आणि ती कसर तो बोलण्यात भरून काढतो.

"काय आणलं जी मालबाबू?"

"स्टोव्ह."

"इस्तो?"

आमच्या झाडीपट्टीत विस्तवाला 'इस्तो' म्हणतात. सकाळी ज्याच्या चुलीतील निखारा विझलेला असेल, तो शेजाऱ्याच्या दारी जाऊन गोवरीच्या तुकड्यावर इस्तो मागून आणतो. त्यात कमीपणा नाही.

"नागपुरावरून इस्तो?" लटारू खोक्याजवळ हात नेऊन ऊब लागते का ते पाहू लागला. "अन् गाडीचा डब्बा नाई जळला?"

"लटारू, विस्तव नव्हे. यंत्र आहे."

"माह्या घरचा नेला असता त मी का नाई म्हटलो असतो? नागपूरवरून आणाचं काऊन?" त्याला खरोखरच वाईट वाटले होते. "वेगळाच पाह्यजे होता, असं म्हणा."

"होय. वच्छलेकरिता वेगळा," मी म्हणालो. मला 'धुराविना' असे म्हणायचे होते. घाईत उच्चारलेला तो एक शब्द मला पुढे फार जड गेला.

लटारू आडवाटेने माझ्याआधी गावात पोचला, आणि त्याच्यासोबत बातमीही पोचली की गुणवंतरावांनी, म्हणजे मी, वेगळा इस्तो आणला. आमच्याकडे या वाक्याचा एकच अर्थ होतो. भाऊ वेगळे झाले. चूल वेगळी म्हणजे धान वेगळे, बैल वेगळे, आणि कालांतराने अंगणात भिंत.

मी घरी पोचलो तेव्हा माझा धाकटा भाऊ मुखरू गोठ्यात बैल बांधीत होता. शेती तो पाहतो, नोकरी मी करतो; माझी मुलगी सासरी असते, त्याची मुले ब्रह्मपुरीस शिकतात, आणि मागे उरलेले आम्ही दोघे भाऊ व दोघी जावा एका चुलीवर जेवतो. आमची माय रुखमाबाई दोन वर्षांपूर्वी वारली. जाण्यापूर्वी तिने मुखरूचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "माह्या मागं दोन चुली नोका करू रे." आम्ही दोघांनी होय म्हटले होते.

"भाऊ," मुखरू माझ्याकडे न पाहता बैलाशी बोलल्यासारखा बोलला, "जे असन ते सांगून टाका. धान कापल्यावर वाटणी करून टाकू. मी भांडाचा नाई."

"अरे, ती चूल नाही. तुझ्या वहिनीच्या डोळ्यांचे औषध आहे."

"औषधावर वरण शिजवत असते का कोणी?"

मुखरूची पत्नी सुगंधा दाराआड उभी होती. धाकट्या जावेने थोरल्या दिराशी समोरासमोर बोलू नये असा आमच्याकडे रिवाज आहे. म्हणून सुगंधेला मला जे ऐकवायचे असे ते ती छपरीच्या खांबाला ऐकवीत असे. तो खांब आमच्या घरात सर्वाधिक बोलणी खाल्लेला होय.

"ऐकलं का रे खांबा," ती म्हणाली, "आमच्या हातचं आता कडू लागते म्हणे. नागपूरचा इस्तो पाह्यजे."

"सुगंधे," वच्छला आतून म्हणाली, "माह्ये डोळे गेले त मले हात धरून नदीवर कोण नेईन? तुहा खांब?"

"मी नेईन ना बाई. त्याच्यासाठी वेगळी चूल कायले?"

त्या रात्री मी अंथरुणावर पडून हिशेब केला तो एवढाच: उद्या एक तर हे यंत्र या घरचे एक भांडे होईल, नाहीतर या घराची दोन घरे होतील.

दुसरा दिवस रविवार होता. यंत्रासोबत आलेल्या पुस्तिकेत ते उघड्या विस्तवाजवळ ठेवू नये असे बजावलेले होते. म्हणून स्वयंपाकघरात न ठेवता अंगणापलीकडील छपरीत, वच्छलेने लिंपून तयार केलेल्या ओट्यावर मी ते मांडले. पुस्तिका इंग्रजीत होती. मी ती शब्दकोशाच्या आधारे पूर्ण वाचली आणि प्रत्येक कृतीपूर्वी मोठ्याने भाषांतर केले. टाकीत मातीचे तेल, म्हणजे रॉकेल, भरले, नळीखालच्या वाटीत थोडे तेल ओतून काडी लावली, नळी तापली, पंप मारला. प्रथम पिवळा भडका उठला, नंतर निळी ज्योत फुलली आणि गाडी पुलावरून जाते तसा एकसारखा आवाज सुरू झाला. वच्छलेने दोन्ही हात गालांवर ठेवले. धूर नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुगंधेचा आवाज आला, "हे पाह्य व माय... चूल गेली."

आम्ही हसलो. ओली लाकडे, दुसरे काय? तिने फुंकणीने फुंकून चूल पुन्हा पेटविली. इकडे स्टोव्हने एक उसासा टाकला आणि ज्योत बसली.

मी छिद्रात पिन घातली, पंप मारला, पेटविला. तिकडे चूल गेली.

हा योगायोग तीन वेळा घडल्यावर मी त्यास योगायोग म्हणण्याचे थांबविले आणि पद्धतशीर परीक्षा घेण्याचे ठरविले. मुखरूला चुलीपुढे बसविले, मी स्टोव्हपुढे बसलो. मध्ये अंगण. शेजारच्या दोन स्थानकांतील बाबू जसे एकमेकांना विचारून गाडी सोडतात, तसे आम्ही ओरडून विचारू लागलो.

"मुखरू, पेटली?"

"पेटली. तुमचा?"

"गेला. आता मी लावतो... लागला. तुझी?"

"गेली ना बाप्पा."

"राखेवर पाणी सांडले काय?"

"पाणी कायचं सांडन? मी हातबी नाई लावला. अशी बसली जशी कोणी वरून तवा झाकला."

पाचव्या खेपेस मुखरूला हसू आवरेना आणि मलाही. लटारू कुंपणावरून पाहत होता. त्याने मत दिले की दोन सवतींना एका घरात ठेवल्यावर असेच व्हायचे. वच्छला आणि सुगंधा या दोघींना मात्र हसू आले नाही. सुगंधा पदर तोंडाला लावून म्हणाली, "माय सांगूनच गेली होती." ती हे खांबाला म्हणाली नाही. ती कोणालाच म्हणाली नाही.

मुखरूचे हसणे तेथेच थांबले.

दुपार झाली, तरी घरात शिजलेले असे काहीच नव्हते. आभाळ इतके उतरून आले की अंगणात संध्याकाळसारखा काळोख पसरला; पाऊस मात्र पडेना. मी छपरीत बसून पुस्तिकेतील 'दोष व उपाय' हे प्रकरण वाचीत होतो. एका विस्तवाने दुसरा का विझावा, याविषयी त्यात काही नव्हते. दोघी जावांची बोलाचाल मला स्वयंपाकघरातून ऐकू येऊ लागली.

"मी चूल पेटवून राह्यली बाई. मुलं नसली तरी माणसं उपाशी नाई ठेवाची."

"पेटव. मी इस्टो लावतो मंग. पाहू काय होते ते."

"म्हणजे माह्यी चूल पुन्हा जाईन. तुमाले तेच पाह्यजे."

"मले काय पाह्यजे ते तुले माहीत नाई, सुगंधे. मले काल तुह्यं तोंड दिसलं नाई. नुसतं पांढरं पांढरं दिसलं. समजलं?"

 डोळे येथवर गेले आहेत हे सुगंधेला ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. मी पुस्तिका ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. मुखरूही गोठ्यातून तेथे आला. चूल जळत होती. तिच्या एका बाजूस सुगंधा, दुसऱ्या बाजूस वच्छला, मध्ये भाताची हंडी.

येथे आमच्या घरातील एक शब्द समजून घ्यावा लागेल. आमच्याकडे 'विझव' असे म्हणत नसत. बांगडी फुटली न म्हणता ती वाढवली म्हणतात, नारळ फोडला न म्हणता वाढवला म्हणतात. त्याच धर्तीवर माझी माय 'चूल वाढव' असे म्हणे, म्हणजे निखारे राखेखाली झाकून चूल शांत कर. वच्छलेचे माहेर घुग्घुसकडचे. लग्नानंतर पहिल्याच संध्याकाळी माय तिला म्हणाली, "चूल वाढव वं." हिने तीन जाड लाकडे आत सारली. ज्वाळा छताच्या गवताला लागता लागता राहिली. पुढे जिवंत असेपर्यंत घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्यास माय ती गोष्ट सांगत राहिली, आणि प्रत्येक वेळी वच्छला हसत राहिली, कारण सुनेने हसणे भाग होते.

तर आम्ही चौघे तेथे उभे होतो. बाहेर वारा थांबला. वळचणीला कालच्या पावसाचा एक थेंब लोंबत होता, तो पडला नाही. लाकडांचा चटचट आवाज हळूहळू दूर जात असल्यासारखा कमी झाला, ज्वाळा मात्र तशीच होती. मग वास आला. तो धुराचा नव्हता. दातांना लावण्याची तंबाखूची गुडाखू, गोड, कुबट, किंचित जळकी. माय दिवसातून चार वेळा ती लावीत असे. तिच्यामागे आमच्या घरात गुडाखूची डबी नाही. मुखरूने माझ्याकडे पाहिले. त्यालाही वास आला होता.

"भाऊ..." तो कुजबुजला.

चुलीमागच्या भिंतीशी, जेथे माय पाट टाकून बसे, तेथून आवाज आला. मोठा नव्हता. तोंडात गुडाखू धरून माणूस ओठ न उघडता बोलतो, तसा.

"वाढव..."

 सुगंधेचा हात आपोआप राखेकडे गेला; आयुष्यभराची सवय. ती निखारे झाकणार, तोच वच्छलेने तिचे मनगट धरले.

"थांब वं."

"बाई... माय म्हणून राह्यली. झाकू द्या."

"काय म्हणली?"

"वाढव म्हणली."

"मंग?"

"मंग म्हणजे... झाक म्हणली ना. चूल बंद कर. दोन झाल्या, आता एकबी नाई." सुगंधेच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. मुखरूने दाराची चौकट घट्ट धरली होती. एका शब्दाने आमचे घर मोडत होते आणि माझ्या साऱ्या वाचनात त्यावर एक ओळही नव्हती.

वच्छला भिंतीकडे पाहत होती. भिंतीशी पाट नव्हता, काहीच नव्हते. पण ती जेथे पाहत होती तेथे, सासूच्या चेहऱ्याच्या उंचीवर, तिची नजर स्थिर होती. ज्याला धूसर दिसते त्या माणसाची नजर अशी स्थिर नसते.

"सासूबाई," ती म्हणाली, "तीस वर्ष झाले. तुमी वाढव म्हटलं, मी वाढवली. तुमी सगळ्या गावाले सांगून सांगून हसल्या. आता मले पुन्हा तोच शब्द सांगता. तुमाले माहीत नाई का मले त्याचा अर्थ कोनचा कळते ते?"

 गुडाखूचा वास तेवढा थोडा जवळ आला.

वच्छलेने चिमटा उचलला, चुलीतला एक ठळक निखारा धरला आणि ती अंगणात उतरली.

"अगं, पुस्तिकेत स्पष्ट मनाई आहे," मी म्हणालो. "तेलाजवळ उघडा निखारा..."

"तुमची पुस्तिका राहू द्या जी."

ती अंगण ओलांडून छपरीत गेली. आम्ही तिघे मागोमाग. तिने निखारा स्टोव्हच्या वाटीत ठेवला, फुंकर घातली आणि पंप मारू लागली. एकदा, दोनदा, दहा वेळा. मी डोळे मिटण्याच्या तयारीत होतो. निळी ज्योत भप्पकन फुलली आणि गाडी पुलावर चढली.

"सुगंधे," वच्छला ओरडली, "पाह्य, चूल हाये का?"

सुगंधा धावत परत गेली.  मग तिचा आवाज आला, रडका आणि हसरा असा दोन्ही.

"हाये बाई... हाये."

"हे पाहा जी," वच्छला मला म्हणाली, परंतु ऐकवायचे मुखरूला होते, "हा त्याच चुलीतला इस्तो होय. चूल तिथून इथवर वाढली. वेगळी कुठी झाली?"

मुखरू ओट्याजवळ उकिडवा बसला आणि त्या ज्योतीकडे पाहत राहिला. त्याच्या चेहऱ्याचा रंग मला समजेना. त्यास आनंद व्हावयास हवा होता, झालाही असावा. परंतु त्याखाली दुसरेच काही होते.

दुपारचे जेवण सायंकाळी चार वाजता झाले. भात चुलीवरचा, वरण स्टोव्हवरचे. तेवढ्यात पाऊसही आला. सुगंधेने खांबाला विचारले की नागपूरचे वरण कसे लागते, आणि खांबाच्या वतीने मुखरूने ते चुलीच्या वरणाहून पातळ असल्याचा निर्वाळा दिला. लटारू कुंपणावरून येऊन पंगतीस बसला आणि दोन्ही सवती एका पानात नांदल्या म्हणून तिसऱ्यांदा भात मागू लागला. इतक्या मोकळेपणाने आम्ही मायच्या पश्चात हसलो नव्हतो. वाटणीचा विषय पुन्हा निघाला नाही, आजतागायत निघालेला नाही.

जेवणानंतर मुखरूने मला गोठ्यात बोलाविले. त्याने कोपऱ्यातून कंदिलाचा तेलाचा डबा पुढे ओढला. तो काठोकाठ भरलेला होता.

"भाऊ, मले माफ करजा," तो म्हणाला. "दुपारी तुमी पुस्तक वाचून राह्यले होते, माहीत हाये? मंधात तुमी पाणी प्यायले उठले. तवा मी त्या इस्टोतलं तेल काढून घेतलं. सगळं. उलटा करून, थेंब थेंब."

"का?"

"म्हटलं, पेटणारच नाई, त भांडणच नाई राह्यणार. आपलं घर एक राह्यन." तो डब्याकडे पाहत होता. "मंग वहिनीनं तो लावला. एक घंटा चालला. वरण शिजलं. माह्या पानात वाढलं. मी खाल्लं, भाऊ."

मी छपरीत गेलो, स्टोव्ह फडक्यात धरून उचलला आणि कानाजवळ नेऊन हलविला. टाकी कोरडी होती. वजन नव्हते, आवाज नव्हता. झाकण उघडून काडी आत घातली. काडी कोरडी बाहेर आली. पितळ मात्र हात लावू देत नव्हते.

आम्ही दोघांनी बायकांना काही सांगायचे नाही असे ठरविले. दुसऱ्या दिवशी पहाटे मी गुपचूप टाकी भरून ठेवली. दुपारी मी स्थानकावरून परतल्यावर वच्छला पान वाढता वाढता नाक मुरडून म्हणाली, "आज वरणाले मातीच्या तेलाचा वास लागून राह्यला. त्याच्यात कायी टाकत जाऊ नोका. कालच्यासारखंच राहू द्या."

तिला ठाऊक होते. केव्हापासून, ते मी विचारले नाही.

त्यानंतर आमच्या स्टोव्हमध्ये तेल पडलेले नाही. सकाळी चुलीतला निखारा अंगण ओलांडून जातो, वाटीत बसतो आणि ज्योत उठते. आमच्या वाट्याचे तेल लटारूचा कंदील पितो, आणि तो आम्हास फार उदार समजतो. वच्छलेचे डोळे निवळले. आता ती सुईत दोरा ओवते. मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकात असे लिहिले आहे की ज्योत जळते तेव्हा काही ना काही कमी होत असते. या घरात काय कमी होत आहे, हे मी तीन वर्षे शोधीत होतो. धान मोजले, गुरे मोजली, माणसे पाहिली. सर्व जागच्या जागी होते. दिवसभर स्थानकावर असल्यामुळे मला घर दिसत असे ते फक्त सकाळ-संध्याकाळ.

गेल्या वर्षी मी सेवानिवृत्त झालो. आता मी दिवसाही घरी असतो आणि छपरीत बसून वाचतो.

परवाची गोष्ट. बुधवार, सकाळचे दहा वाजले असतील. ऊन स्वच्छ पडले होते. सुगंधेने पहाटे अंगण शेणाने सारवले होते आणि ते अजून ओले असल्यामुळे आम्ही सर्व कडेने ये-जा करीत होतो. माझ्यापासून दोन हातांवर वच्छला स्टोव्हपुढे बसून वरण ढवळीत होती. पलीकडे स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून चुलीपुढे बसलेली सुगंधा पाठमोरी दिसत होती. दोघी कसल्याशा लग्नाविषयी बोलत होत्या, हसत होत्या.

"मीठ दे वं," वच्छला मान वर न करता म्हणाली.

"घ्या बाई."

मी पान उलटले. नजर वर केली तेव्हा वच्छला मिठाच्या लाकडी वाडग्यातून चिमूटभर मीठ वरणात टाकीत होती. तो वाडगा चुलीच्या कोनाड्यात असतो, आणि त्याच्यासोबत गुडाखूचा मंद वास आला होता.

सुगंधा उठली नव्हती. वच्छला उठली नव्हती. मी चष्मा पुसला. नंतर आत जाऊन रेल्वेतून निरोप घेताना मिळालेला मोजमापाचा टेप आणला आणि अंगणाच्या कडेने लावून पाहिला. चुलीपासून ओट्यापर्यंत सत्तावीस फूट. ओल्या सारवणावर चिमणीच्या पायाचेही चिन्ह नव्हते.

"काय मोजून राह्यले जी?" वच्छलेने विचारले.

"हे मीठ तुला कोणी आणून दिले?"

"सुगंधेनं."

"ती जागची हललेली नाही."

वच्छलेने माझ्याकडे पाहिले, जसे अति वाचणाऱ्या माणसाकडे पाहतात तसे. "आता उठाचं काम नाई पडत," ती म्हणाली. "हात पुरते."

पलीकडे सुगंधा हसली आणि तीस वर्षांत प्रथमच खांबाला सोडून थेट माझ्याशी बोलली.

"पहिले नोता पुरत, भाऊजी."

ती बोलण्यासाठी माझ्याकडे वळली होती. तिच्या पुढ्यात परात होती, आणि तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिठात होते.